हार्ड डिस्क अर्धवट खराब आहे, विंडोज टाकू का? टाका, पण आकडा वाढतोय का ते आधी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. बहिणीचा लॅपटॉप, आत १ टीबीची साधी हार्ड डिस्क, रोज सिडको ते कॉलेज रोड बॅगेतून ये-जा, मधेच मशीन अडकायला लागलं म्हणून सी ड्राइव्ह उडवून नवीन विंडोज टाकायला घेतलं तर सेटअप कधी साठ टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि ०एक्स८००७०४५डी असा एरर देतं, कधी पूर्ण होतं पण पहिल्याच रीस्टार्टला निळा स्क्रीन. डी ड्राइव्हला नोट्स आणि घरचे फोटो आहेत, त्याची दुसरी कॉपी नाही. मित्राच्या डेस्कटॉपला डिस्क लावून क्रिस्टलडिस्कइन्फोमधे (डिस्कची तब्येत आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) बघितलं तर पिवळं कॉशन आणि सी५ या ओळीसमोर ३०. दुकानवाला म्हणतो डिस्क फेका, मित्र म्हणतो लो लेव्हल फॉरमॅट मार सगळं नीट होतं, आणि परीक्षा तोंडावर आहे म्हणून आत्ता खर्च करायचा नाहीये.

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. मी नाशकात बरीच वर्षं हेच काम करतो, आणि खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा) असलेली डिस्क म्हणजे मेलेली डिस्क असं सरसकट नसतं, पण फॉरमॅट मारला की झालं असंही नसतं. सगळं एकाच गोष्टीवर ठरतं, खराबी जागेवर थांबलेली आहे का पसरतेय. ते कळायला आकडे दोन वेळा घ्यावे लागतात, मधे डिस्कला भरपूर काम देऊन. एकदाच बघितलेल्या आकड्यावरून फेका किंवा वापरा असं कुणी सांगत असेल तर तो अंदाज आहे.

पहिली गोष्ट, आत्ता सेटअप परत परत चालवणं थांबवा. प्रत्येक वेळी तुम्ही डी ड्राइव्हच्या डेटाशी खेळताय. आणि चेकडिस्क स्लॅश आर, ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड, तर आत्ता अजिबात चालवू नका, सगळे लोक तेच सांगतात म्हणून मुद्दाम लिहितोय. ती कमांड बिघडलेल्या डिस्कला तासन्तास रगडते, आणि फाइल सिस्टम "दुरुस्त" करताना जे वाचलं जात नाही ते तोडून टाकते, म्हणजे नंतर शांतपणे काढता आला असता तो डेटाही हातचा जातो. आधी डेटा बाहेर, मग बाकी सगळं.

डिस्कमधून टक-टक असा ठराविक आवाज येत असेल, किंवा चालू होऊन परत बंद पडल्यासारखा आवाज, तर इथेच थांबा, करंट देऊ नका. तो हेडचा, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचा प्रॉब्लेम आहे, तिथे कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही, आणि फोटो खरंच हवे असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायचं. फ्रीजमधे ठेवणं, घरी स्क्रू काढून उघडणं, हे कृपा करून नको, आत धुळीचा एक कण गेला तरी प्लॅटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या चकतीवर ओरखडा उठतो.

आवाज नसेल तर लिनक्स मिंटचा (विंडोजसारखी फुकट ओएस) लाइव्ह पेनड्राइव्ह करा, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालते, दुसरी मोठी डिस्क किंवा एक्सटर्नल कुणाकडून तरी मागून आणा आणि डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून डेटा उचलणारं सॉफ्टवेअर वापरा. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र नुसती डीडीरेस्क्यू. नेहमीच्या कॉपी-पेस्टमधे काय होतं, एक फाइल अडली की सगळं अडतं आणि डिस्क त्याच वाईट जागेवर घासत बसते. डीडीरेस्क्यू आधी सोपं सोपं सगळं उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं आणि कुठलं राहिलं त्याची मॅपफाइल ठेवते, म्हणजे मधे लाइट गेली तरी परत तिथूनच सुरू. पहिल्या फेरीत मायनस डी मायनस एन द्या, दुसऱ्या फेरीत त्याच मॅपफाइलवर मायनस डी मायनस आर ३. सोर्स आणि डेस्टिनेशनची नावं कमांड द्यायच्या आधी दोनदा वाचा, उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होईल. नंतर जी इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब कॉपी तयार होईल तिच्यातून फाइल्स निवांत काढा, मूळ डिस्कला हात न लावता.

आता तुमच्या आकड्याबद्दल. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) हेक्समधे, म्हणजे दहाऐवजी सोळावर मोजायच्या पद्धतीत दाखवतं, म्हणजे तिथलं ३० हे आपलं ४८ आहे. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचरमधे रॉ व्हॅल्यूज १० डेसिमल करून घ्या म्हणजे गोंधळ नको. बघायच्या ओळी फार नाहीत. ०५ म्हणजे रीअलोकेटेड, जे सेक्टर डिस्कने स्वतःच बाद करून राखीव जागेतले दुसरे दिलेत. सी५ म्हणजे पेंडिंग, जे वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागलेला नाही. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासले तरी वाचले गेले नाहीत ते. आणि सी७ म्हणजे सीआरसी एरर, हा प्लॅटरचा नाही तर केबलचा, कनेक्टरचा आकडा, तो एकदा वाढला की कमी होत नाही त्यामुळे जुना असेल तर घाबरू नका, पण रोज वाढत असेल तर आधी केबल बदला. लॅपटॉपमधे डिस्क आणि बोर्डच्या मधली ती चपटी पट्टी असते, ती सैल झालेली असते आणि लोक डिस्क बदलून येतात. सीगेटच्या डिस्कवर ०१ म्हणजे रॉ रीड एरर रेटसमोर भलामोठा आकडा दिसतो, तो त्यांची मोजायची पद्धत आहे, त्याकडे लक्ष देऊ नका.

पेंडिंग सेक्टरचा निकाल कसा लागतो हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. डिस्कला तो सेक्टर वाचता येत नाही, पण त्यात काय होतं ते माहीत नसल्याने ती स्वतःहून तो बदलूनही टाकू शकत नाही, म्हणून नुसती यादीत ठेवते. त्याच जागेवर नवीन काहीतरी लिहिलं गेलं की मग ती ठरवते. नीट लिहिलं गेलं तर सेक्टर यादीतून सुटतो, सी५ कमी होतो, ०५ तसाच राहतो. नाही लिहिलं गेलं तर राखीवमधला सेक्टर देते, सी५ कमी आणि ०५ वाढतो. म्हणून तुमच्या मित्राचं म्हणणं थोडं बरोबर. फक्त त्याला लो लेव्हल फॉरमॅट म्हणतात ते नावापुरतं, खरा लो लेव्हल फॉरमॅट आजच्या डिस्कवर आपण घरी करू शकत नाही, तो फॅक्टरीत होतो. आपण करतो ते सगळ्या सेक्टरवर शून्य लिहिणं. आणि क्विक फॉरमॅट तर तेही करत नाही, नुसती नवीन यादी लिहून मोकळा होतो.

आपल्याकडे याचा फार संबंध आहे म्हणून सांगतो. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी साइडला द्राक्षाच्या पॅकहाउसला, कृषी सेवा केंद्राला डेस्कटॉप असतात, हिशोबाचं सॉफ्टवेअर दिवसभर चालू, यूपीएस नाही किंवा असून बॅटरी मेलेली, आणि पावसाळ्यात लाइट एकेका तासात कितीतरी वेळा जाते-येते. सेक्टर लिहिता लिहिता करंट गेला तर अर्धा नवीन अर्धा जुना असा राहतो, त्याचा ईसीसी (डेटा बरोबर आहे का ते तपासायचा कोड) जुळत नाही आणि डिस्क त्याला खराब समजते. प्लॅटरला काहीही झालेलं नसतं. अशा डिस्कवर शून्य लिहिलं की सगळे पेंडिंग सुटतात, ०५ शून्यच राहतो आणि तीच डिस्क पुढे वर्षानुवर्षं चालते. अशा चांगल्या डिस्क लोक फेकतात तेव्हा वाईट वाटतं. पण लॅपटॉप चालू असताना पडला, हेड प्लॅटरला टेकलं, त्याचा बारीक चुरा आत फिरतोय, ही केस पूर्ण वेगळी, तिथे आज ४८ उद्या ३०० असं होतं. तुमच्याकडे लॅपटॉप बॅगेत फिरतो, त्यामुळे बहिणीला विचारा चालू असताना किंवा स्लीपमधे टाकून कुठे पडला-आपटला का, नीट आठवून सांगायला सांगा.

डेटा बाहेर आला, उघडून खात्री केली, की डिस्क डेस्कटॉपला थेट साटा केबलने लावा. स्वस्तातल्या यूएसबी केसमधून हे काम करू नका, बरेच अॅडॉप्टर स्मार्टचे, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे हे आकडे पुढे पाठवतच नाहीत आणि वाईट सेक्टर आला की स्वतःच डिसकनेक्ट होतात. आकड्यांचा फोटो काढून ठेवा. मग विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमधे लिस्ट डिस्क करून साइझवरून योग्य डिस्क सिलेक्ट करा, मित्राची उडेल नाहीतर, आणि क्लीन ऑल द्या. नुसतं क्लीन नाही, क्लीन ऑल, ते शेवटपर्यंत शून्य लिहितं. १ टीबीच्या लॅपटॉप डिस्कला तीन तास तरी जातात, खराब असेल तर त्याहून बरेच जास्त, रात्रभर ठेवा. मधेच आय-ओ एरर देऊन थांबलं, म्हणजे लिहिणंच जमत नाहीये, तर राखीव जागा संपलेली आहे किंवा हेड कमजोर आहे, ती डिस्क मी कुणाच्याही मशीनला लावत नाही.

पूर्ण झालं तर परत आकडे बघा, आणि व्हिक्टोरिया या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरने पूर्ण रीड स्कॅन करा, इग्नोर मोडवर, म्हणजे खराब जागा नुसती नोंदवून पुढे जातं. केशरी आणि लाल ब्लॉक म्हणजे वाचायला खूप वेळ लागला, निळ्या खुणेचे म्हणजे वाचलेच नाहीत. कुठल्या एलबीएला, म्हणजे सेक्टरच्या कितव्या नंबरला आले ते लिहून घ्या. इथे तीनपैकी एक चित्र दिसतं.

सी५ शून्य, स्कॅन स्वच्छ, ०५ एकतर तोच किंवा थोडासा वाढून थांबलेला. मग पुढची काही डोकेफोड नाही, पूर्ण डिस्क वापरा.

लाल-निळे ब्लॉक सगळे एकाच पट्ट्यात, बाकी डिस्क स्वच्छ. ही पट्टा सोडून वापरायची केस, खाली लिहितो.

खराब ब्लॉक पूर्ण डिस्कभर, थोड्या थोड्या अंतराने एकसारखे, म्हणजे चांगलं-वाईट-चांगलं-वाईट असं शेवटपर्यंत. हे बहुतेक एका हेडचं काम असतं, कारण डिस्क भरताना एका हेडचा काही भाग, मग दुसऱ्याचा, असं आलटून पालटून जाते. इथे पार्टिशनचा कुठलाच खेळ उपयोगी नाही, सोडून द्या.

आता पट्टा सोडणं. शेतात पडकी विहीर असली की आपण कडेने दोन-चार हात जागा सोडून नांगरतो, काठापर्यंत नांगर नेत नाही, तसंच इथे, कारण खराबी वाढली तर कडेनेच वाढते. हिशोब सोपा आहे, एलबीए भागिले २०४८ केलं की एमबी मिळतात, कारण एक सेक्टर ५१२ बाइटचा. समजा खराब पट्टा ३९ कोटी ते ४१ कोटी एलबीएमधे आलाय, तर तो साधारण १,९०,४३० एमबी ते २,००,१९५ एमबी. दोन्ही बाजूला १० जीबीच्या आसपास सोडा, म्हणजे पहिला भाग १,८०,००० एमबीला संपवा आणि दुसरा २,१०,००० च्या पुढे सुरू करा. डिस्कवर छापलेला जीबी आणि विंडोजमधला जीबी वेगळा असतो, त्यामुळे व्हिक्टोरियात दिसणाऱ्या जीबीवरून अंदाजे करू नका, एलबीएवरूनच मोजा.

हे विंडोजच्या सेटअपमधेच करता येतं. डिस्क रिकामी दिसते तिथे न्यू करून १८०००० द्या, त्यातच तो बूटसाठी लागणारं ईएफआयचं छोटं पार्टिशन स्वतः काढून घेतो. मग परत न्यू, ३०००० चं एक, हे खराब पट्ट्यावर बसतं. मग उरलेलं सगळं तिसरं. आता ते मधलं डिलीट करा, ती जागा अनअलोकेटेड राहू द्या आणि विंडोज पहिल्या मोठ्या पार्टिशनवर टाका. मधल्यावर फॉरमॅट मारायचा नाही. आणि लॅपटॉपच्या खाली कागद चिकटवा, "मधली ३० जीबी जागा मुद्दाम सोडली आहे, जोडू नये", कारण पुढे कुणीतरी हुशार माणूस डिस्क मॅनेजमेंट उघडतो, रिकामी जागा दिसते आणि एक्सटेंड व्हॉल्यूम मारून मोकळा होतो.

पट्टा अगदी सुरुवातीला असेल तर थोडं जपून. सेक्टर शून्य आणि त्याच्या पुढचे ३३ सेक्टर जीपीटीचे, म्हणजे पार्टिशनच्या यादीचे, तेच वाचत नसतील तर त्या डिस्कवरून बूट करायचा नाद सोडा. पण खराबी समजा २ जीबीपासून २० जीबीपर्यंत असेल तर काही अडत नाही, यूईएफआय मशीनला (जुन्या बायोसऐवजी नव्या पद्धतीने बूट होणाऱ्या) ईएफआय पार्टिशन पुढे कुठेही चालतं, खराब पट्ट्यावर बसणारं पहिलं पार्टिशन डिलीट करायचं आणि सगळं त्याच्या नंतर घ्यायचं.

एक शंका तुम्हाला येईल, सेटअप एकदा पूर्ण झालं होतं मग निळा स्क्रीन का. कारण हार्ड डिस्क एरवी लिहिल्यावर परत वाचून बघत नाही. सेटअप मुख्यतः लिहिण्याचं काम करतं, कमजोर जागेवरही लिहून झालं असं कळवलं जातं, आणि रीस्टार्टला तीच फाइल वाचायला गेलं की अडतं. म्हणून विंडोज टाकून पूर्ण झालं याचा अर्थ डिस्क चांगली आहे असा कधीच घेऊ नका. मी इन्स्टॉल झाल्यावर परत एकदा पूर्ण रीड स्कॅन केल्याशिवाय मशीन देत नाही.

आणि हो, ०४५डी हा आय-ओ डिव्हाइस एरर आहे, म्हणजे डिस्कवर संशय बरोबरच आहे, पण तोच एरर खराब पेनड्राइव्हनेही येतो. तुमचा सी५ बघता डिस्कच असणार तरी दुसरा पेनड्राइव्ह, दुसरा पोर्ट, एवढं बघून घ्या, आणि ०५७० हा एरर आला तर मेमटेस्टने रॅम पण तपासा.

पार्टिशनच्या उपायाला एक मोठा अपवाद आहे. १ टीबी, २ टीबीच्या बऱ्याच लॅपटॉप डिस्क एसएमआर असतात, त्यात डेटा आधी एका वेगळ्या कॅशच्या भागात जातो आणि डिस्क फावल्या वेळात तो मूळ जागी हलवते. म्हणजे तुम्ही सोडलेला पट्टा आणि प्लॅटरवरची खरी खराब जागा नेहमी एकच असेल असं नाही, आणि स्कॅनमधे नुसता स्लो दिसलेला ब्लॉक खराब असेलच असंही नाही. एसएमआर डिस्कवर मी शून्य भरून आकडे स्थिर झाले तरच वापरतो, पट्टा सोडायच्या भरवशावर नाही. एसएसडीवर तर हा उपाय लागूच नाही, तिथे कंट्रोलर डेटा सतत फिरवत असतो, जागा ठराविक नसतेच.

कुठली ओएस टाकायची तेही बघा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० (बोर्डवरची सिक्युरिटीची सोय) लागतं, शिवाय साध्या हार्ड डिस्कवर ते फार रडत चालतं. बहिणीचं काम ब्राउझर, पीडीएफ आणि टायपिंग एवढंच असेल तर मी लिनक्स मिंट सुचवेन. तिथे एक फायदा आहे, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम) बनवताना मायनस सी दोनदा दिलं तर ती प्रत्येक ब्लॉक लिहून-वाचून बघते आणि खराब ब्लॉकची यादी स्वतःकडे ठेवून तिथे फाइल ठेवत नाही. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टममधेही अशी यादी असते, चेकडिस्क स्लॅश आर ती भरतं, आता डिस्क रिकामी झाल्यावर ते चालवायला माझी हरकत नाही. पण या याद्या म्हणजे आज सापडलेल्या सेक्टरपुरत्या, पट्टा सोडणं जास्त भरवशाचं.

इन्स्टॉल झाल्यावर हायबरनेशन बंद करा, पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ, आणि डीफ्रॅगचं शेड्यूल बंद. पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून एकदा ०५, सी५, सी६ वहीत लिहा. ०५ महिनोन्महिने एकाच आकड्यावर उभा असेल, मग तो शून्य असो की ४८, तर चालू द्या. सलग दोन नोंदींमधे वाढला, किंवा सी५ परत डोकं वर काढतोय, तर त्याच दिवशी मशीन बंद करून डिस्क बदलायची. नोट्सची एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हला, १५ जीबी फुकट मिळतात, तेवढ्यात अभ्यासाचं सगळं बसतं. घरचे फोटो मात्र या डिस्कवर परत आणू नका, ते जिथे काढलेत तिथेच राहू द्या. परीक्षा संपली की २५६ जीबीची एसएसडी घ्या, एमजी रोडला कुठेही मिळेल, ओएस तिच्यावर टाका, लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याच्या जागी कॅडीत (त्याच मापाच्या चौकटीत) ही डिस्क बसते, सिनेमे-डाउनलोड ठेवायला.

डिस्कच्या लेबलवरचा मॉडेल नंबर आणि शून्य भरायच्या आधीचे-नंतरचे दोन्ही फोटो टाका, एसएमआर आहे का ते बघून पट्टा कुठे सोडायचा ते आकड्यांसकट सांगतो.